परळची रुग्णालये व त्यांचा परिसर : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत संस्थांच्या इतिहासाबरोबर नगराच्या इतिहासालाही थोडी जागा असावी, अशा भावनेने प्रस्तुत विषय निवडला आहे. आपल्या समाजातील क्वचितच असे कुटुंब असेल की ज्यातील कोणी ना कोणी परळच्या रुग्णालयाची पायरी चढलेले नाही. सांगली-कोल्हापूरकडील शेतकरी कुटुंब असो वा मुंबईतील व्यापारी घराणे, स्थानिक डॉक्टरांनी हात टेकले की 'आता मुंबईला न्या' हे वाक्य ऐकावे लागते. त्या क्षणी घरात जो पहिला प्रश्न उभा राहतो तो उपचारांचा नसतो. उपचार तेथे होतील याची खात्री असतेच. प्रश्न असतो तो 'उतरायचे कुठे?' हा. सुमारे सव्वाशे वर्षांत परळला रुग्णालयांची एक नगरीच वसली, तिच्याभोवती जमीनवापराचे नियम आले, आराखडे आले. तरी हा साधा प्रश्न अनुत्तरित का राहिला, याचा मागोवा घेण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

परळच्या वैद्यकीय इतिहासाचा आरंभ माणसांच्या रुग्णालयापासून होत नाही, हे वाचून अनेकांस आश्चर्य वाटेल. आपल्या वाचकांस मात्र आनंदही होईल. मुंबईत १८३२ साली सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला. त्याविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला, जैन व हिंदू व्यापारीही त्यात सामील झाले आणि शहरात दंगल उसळली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, शेठ मोतीशा आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्या औदार्याने भुलेश्वरची पांजरापोळ उभी राहिली. पुढे अर्धशतकाने सर दिनशा पेटिट यांनी आपल्या पत्नीच्या नावाने परळला बाई साकरबाई पशुरुग्णालय स्थापन केले व १८८६ पासून तेथे पशुवैद्यकाचे महाविद्यालयही सुरू झाले. म्हणजे केईएम रुग्णालयाची वीट रचली जाण्याच्या सुमारे चाळीस वर्षे आधी परळमध्ये मुक्या जीवांची शुश्रूषा चालू होती.

त्या काळी परळ हा शहराबाहेरचा, आमराया व वाड्यांचा भाग होता. मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान तेथेच होते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आसपास कापडगिरण्यांची धुराडी उभी राहिली, हवा बिघडली, आणि गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन (पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय ज्यांच्या नावाने आहे तेच) यांच्या पत्नीचे पटकीने निधन झाले. त्यानंतर गव्हर्नरांचा मुक्काम मलबार हिलच्या टोकाला हलला आणि परळचा तो प्रशस्त वाडा ओस पडला.

तो पुन्हा गजबजला तो प्लेगमुळे. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचा रोगी ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा आणि दाट वस्तीचा मोहल्ला. कच्छी जैन, भाटिया, खोजे अशा व्यापारी समाजांची तेथे मोठी वस्ती होती. ज्याच्या घरी रोगी सापडेल त्याला सक्तीने सरकारी इस्पितळात नेण्याचे धोरण सुरू झाले, तेव्हा लोक रोग्यांना लपवू लागले. सोवळे-ओवळे, आहाराचे नियम आणि आप्तांपासूनची ताटातूट यांचे भय रोगापेक्षा कमी नव्हते. यावर उपाय म्हणून निरनिराळ्या समाजांनी आपापली तात्पुरती प्लेग-इस्पितळे उभारली. रोग्याजवळ त्याचा माणूस असला पाहिजे आणि त्याला आपल्या हातचे अन्न मिळाले पाहिजे, एवढीच त्यांची मागणी होती. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढे तोच निसटला.

परळच्या ओस वाड्यात प्रथम प्लेगचे रुग्ण ठेवण्यात आले. नंतर १८९९ मध्ये प्लेगची लस शोधणारे डॉ. हाफकिन यांची प्रयोगशाळा तेथे आली. आजची हाफकिन संस्था ती हीच. हे नाव तिला १९२५ साली मिळाले. दरम्यान १८९८ च्या कायद्याने मुंबई सुधार न्यास, म्हणजेच बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाला. कोंदट गल्ल्या पाडून हवा खेळेल असे रस्ते काढणे, दाटी कमी करणे आणि उत्तरेकडे नवी वस्ती वसविणे हे त्याचे कार्य होते. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती ही त्याचीच देणगी. पाडलेल्या घरांतील गरिबांना तितकीच घरे मिळाली नाहीत, अशी टीका त्यावर तेव्हाही झाली. १९३३ मध्ये हा न्यास महानगरपालिकेत विलीन करण्यात आला.

त्या काळच्या नगररचनेचा एक अलिखित नियम होता : रोग शहराबाहेर असावा. महारोग्यांसाठी १८९० मध्ये आयुक्त अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने माटुंग्याच्या बाजूला आश्रम काढला, तो वस्तीपासून दूर म्हणूनच. साथीच्या रोगांचे आर्थर रोडचे इस्पितळही त्याच विचाराने तेथे गेले. पण मुंबई वाढत गेली आणि जे बाहेर होते ते मध्यावर आले. परळचेही तेच झाले. गव्हर्नर सोडून गेले ती जागा काही वर्षांतच गिरणगावाचे हृदयस्थान ठरली.

या गिरणगावात मग एकामागून एक रुग्णालये उभी राहिली. जे. जे. रुग्णालय व ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय येथील प्राध्यापकांच्या जागा प्रामुख्याने सरकारी सेवेतील युरोपियनांकडे असत. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी देताना अट घातली, की अध्यापक पात्र भारतीय असावेत आणि ते सरकारी सेवेतील नसावेत. देणगीला अट घालणे हे कित्येकदा दात्याच्या अहंकाराचे लक्षण मानले जाते. येथे मात्र त्या अटीने भारतीय वैद्यकाला मानाचे स्थान मिळवून दिले. १९२६ मध्ये केईएम रुग्णालयाचे उद्घाटन झाले. त्याचे पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता पुढे १९६० मध्ये गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्याच सुमारास नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह आणि १९२९ मध्ये बाई जेरबाई वाडिया मुलांचे रुग्णालय, ही दोन्ही वाडिया बंधूंनी आपल्या माता-पित्यांच्या स्मरणार्थ उभारली. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या होत्या. त्या दुःखातून या कार्याची प्रेरणा मिळाली. १९५७ मध्ये टाटा रुग्णालय केंद्र सरकारकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. ही सारी रुग्णालये एकमेकांपासून पाच-दहा मिनिटांच्या चालीवर आहेत. मध्य रेल्वेचे परळ व पश्चिम रेल्वेचे एल्फिन्स्टन रोड (जुलै २०१८ पासून प्रभादेवी) अशी दोन स्थानके जवळच आहेत. रुग्णनगरीसाठी याहून सोयीची जागा शोधूनही सापडली नसती.

असे असता रुग्णाच्या आप्तांच्या निवासाची व्यवस्था त्या दूरदर्शी मंडळींना का सुचली नाही? प्रस्तुत लेखकाच्या मते याचे उत्तर गिरणगावाच्या रचनेतच दडलेले आहे. केईएम उभे राहिले तेव्हा त्याचा रुग्ण मुख्यतः शेजारचाच होता. लालबाग, परळ, शिवडी, नायगाव, डिलाईल रोड येथील चाळींत राहणारा कामगार आजारी पडला तर त्याचे माणूस दिवसा रुग्णालयात बसे आणि रात्री चालत घरी जाई. कोकणातून वा घाटावरून कोणी रोगी आला तरी त्याची अडचण होत नसे. प्रत्येक गावच्या मंडळींची चाळीत एखादी सामाईक खोली असे. त्या गावकरी मंडळाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे पंधरा-वीस कामगार आणखी एका आजारी गावकऱ्याला अंथरूण पसरायला जागा देत. जेवणासाठी खाणावळवाल्या बाई होत्याच. (गोमंतकीयांच्या धोबीतलावच्या 'कूड' याच जातीच्या.) थोडक्यात, रुग्णालयाच्या भिंतीबाहेरचा सारा मोहल्ला हीच धर्मशाळा होती. नकाशावर तिची नोंद नव्हती आणि कोणत्याही आराखड्यात तिला संरक्षण नव्हते.

यानंतरचा काळ आराखड्यांचा आहे. मुंबई प्रांतात नगररचनेचा कायदा १९१५ सालीच झाला होता. १९४८ मध्ये मोडक व मेयर यांनी बृहन्मुंबईची रूपरेषा मांडली. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक पालिकेवर विकास आराखडा करण्याचे बंधन आले आणि मुंबईचा पहिला विकास आराखडा १९६७ मध्ये मंजूर झाला. शहराचे निवासी, व्यापारी, औद्योगिक असे विभाग पडले. शाळा, उद्याने, दवाखाने, प्रसूतिगृहे यांसाठी भूखंड आरक्षित झाले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने हे काम अधिक तपशिलात केले. रुग्णालयाभोवती मोकळी जागा किती सोडावी, वाहनतळ किती असावा, आणि रुग्णालयाला जादा चटईक्षेत्र कोणत्या अटींवर द्यावे, हे सारे ठरले. हे नियम निरर्थक होते असे मुळीच नव्हे. परंतु त्यांची मोजणी भिंतीच्या आतली होती. खाटांची संख्या मोजली गेली, मोटारी मोजल्या गेल्या. खाटेशेजारच्या माणसाला मात्र त्या हिशेबात ठळक असे स्थान मिळाले नाही. सुमारे अठराशे खाटांच्या केईएमसारख्या रुग्णालयात प्रत्येक खाटेमागे एकच सोबती धरला, तरी एका लहान गावाएवढी वस्ती रोज रात्री निवारा शोधत असते.

आरक्षणाचीही एक गोष्ट विश्वस्त मंडळींनी जाणून घेण्यासारखी आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम १२७ नुसार आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर ठरावीक मुदतीत कार्यवाही न झाल्यास आरक्षण रद्द होते. जमीनमालकाच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. कोणाची जमीन अनंतकाळ अडकवून ठेवणे योग्य नव्हे. पण पालिकेकडे पैसा नसला म्हणजे दवाखान्यासाठी राखलेला भूखंड असा निसटतो, आणि एकदा तेथे इमारत उभी राहिली की तो पुन्हा मिळत नाही.

परळच्या परिसराला खरा धक्का बसला तो गिरण्यांच्या अस्ताने. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि गिरणगाव पूर्वीसारखे पुन्हा कधीच झाले नाही. १९९१ च्या नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनींचे साधारण तीन वाटे ठरविले : एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. परिणामी सार्वजनिक वाट्याला येणारी जमीन खूपच घटली. रुग्णालयांच्या आजूबाजूला टोलेजंग इमारती व कचेऱ्या आल्या. चाळी पाडल्या गेल्या, कामगारांची मुले कर्जत-विरारकडे गेली आणि त्यांच्याबरोबर गावकरी मंडळाच्या खोल्याही गेल्या. शेजारची नकाशाबाहेरची धर्मशाळा कोणाच्याही लक्षात न येता बंद झाली. याच काळात रुग्ण मात्र दूरदूरचे येऊ लागले. बिहार, बंगाल, आसाम येथून आलेल्या कर्करोगाच्या रुग्णाला महिनोन् महिने थांबावे लागते. त्याचे लालबागला कोणी गाववाले नसते. टाटा रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर अंथरलेल्या चटया, औषधांच्या फाइली उशाशी घेऊन झोपलेली माणसे, हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगण्याची गरज नाही. गर्दीचा भार रस्ते-पुलांनाही पेलवेना. २९ सप्टेंबर २०१७ रोजी परळ व एल्फिन्स्टन रोड स्थानकांजवळच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांनी प्राण गमावले.

येथे आपल्या परंपरेकडे वळणे अप्रस्तुत ठरणार नाही. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात वैयावृत्त्याच्या विवेचनात दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहार, औषध, उपकरण आणि आवास. मूळ संदर्भ त्यागी-व्रतींच्या सेवेचा आहे, हे खरे. तथापि औषधाच्या बरोबरीने आवासाचा उल्लेख तेथे स्वतंत्रपणे केलेला आहे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. परळच्या इतिहासात औषधदानाला महान दाते लाभले; आवास तेवढा मागे राहिला. आपल्या समाजातील दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी (१८५१–१९१४) यांनी मुंबईत विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह आणि सी. पी. टँकला प्रवाशांसाठी हिराबाग धर्मशाळा उभारली, तेव्हा मुंबईत उतरणाऱ्या परगावच्या माणसाची निकड त्यांनी अचूक ओळखली होती. तीच दृष्टी रुग्णांच्या बाबतीत दाखविली ती गाडगेबाबांनी. जत्रेतील पशुहत्येविरुद्ध आयुष्यभर झटलेला हा संत आपल्याला सहजच जवळचा वाटतो. त्यांच्या प्रेरणेने जे. जे. रुग्णालयापाशी धर्मशाळा झाली, आणि त्यांच्याच नावाची दादरची धर्मशाळा टाटा रुग्णालयातील रुग्णांचा आधार बनली. परळला नाना पालकर स्मृती समितीचे कार्य १९६८ पासून सुरू झाले. कर्करोगग्रस्त बालके व त्यांच्या पालकांसाठी २००६ मध्ये सेंट ज्यूड संस्थेने निवासकेंद्रे सुरू केली. यांतील प्रत्येक प्रयत्न वंदनीय आहे. पण धर्मशाळेच्या दारावरील प्रतीक्षायादी पाहिली म्हणजे केवळ दानशूरांवर किती भार टाकावा, असा प्रश्न पडतो.

नियमांचा विषय निघालाच आहे तर आपल्याच घरातील एक गोष्ट बोलून टाकतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रुग्णालयाभोवती किमान शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र ठरविला आणि आवाजाची मर्यादा दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल ठेवली. २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन राज्य शासनाने अधिसूचित केलेला भागच शांतता क्षेत्र मानला जाऊ लागला. कायद्याची अधिसूचना असो वा नसो, खाटेवरील रुग्णाचे कान तेच राहतात. आपल्या रथयात्रा व वरघोडे रुग्णालयावरून जातात तेव्हा बँड किती पावले आधी थांबतो, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे.

याहून कठीण प्रसंग मे-जून २०२१ मध्ये घडला. म्हाडाच्या वाट्याची करी रोड भागातील शंभर घरे टाटा रुग्णालयाला, रुग्णांच्या नातेवाइकांना राहण्यासाठी देण्याचे ठरले व त्यांच्या चाव्याही समारंभपूर्वक सुपूर्द झाल्या. गिरणगावातून एकदा निसटलेला निवारा अशा रीतीने परत येत होता. पण त्या संकुलातील रहिवाशांनी हरकत घेतली. रोज नवी माणसे येतील-जातील, सुरक्षितता राहणार नाही, आजार पसरेल, अशी भीती व्यक्त झाली आणि जूनमध्ये निर्णयाला स्थगिती मिळाली. कर्करोग संसर्गजन्य नाही, हे त्या रहिवाशांना कोणी सांगितले नसेल असे नाही. शिवाय ती मंडळीही पुनर्वसनाच्या लांब प्रतीक्षेनंतर तेथे आलेली, साधीच माणसे होती. त्यांना दोष देणे सोपे आहे. आपल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत तळमजल्यावरील दोन खोल्या परळच्या रुग्णांसाठी देण्याचा ठराव मांडला, तर किती हात वर होतील, याचा अंदाज लेखकाने स्वतःच्या इमारतीपुरता मनाशी बांधून पाहिला आहे. तो येथे लिहिण्याजोगा नाही.

स्थगितीनंतर लगेचच पर्यायी शंभर सदनिका बॉम्बे डाईंग गिरणीच्या जागेतील म्हाडाच्या इमारतींत देण्याचे शासनाने जाहीर केले. ही गिरणी १८७९ मध्ये स्थापन केली ती नौरोसजी वाडिया यांनी. म्हणजे ज्यांच्या नावाचे प्रसूतिगृह परळला आहे त्यांनीच. ५८ व्या नियमाने त्या गिरणीच्या जमिनीचा वाटा सार्वजनिक हाती आला नसता, तर ही घरे सुचविण्याचाही प्रश्न उद्भवला नसता.

परिसराची उलथापालथ अद्याप चालूच आहे. शिवडी-वरळी जोडरस्त्याच्या कामासाठी शंभरी ओलांडलेला एल्फिन्स्टनचा उड्डाणपूल सप्टेंबर २०२५ मध्ये वाहतुकीस बंद करण्यात आला. रुळांच्या पश्चिमेकडे, प्रभादेवीच्या बाजूस, एखाद्या खोलीत उतरलेल्या रुग्णाला पूर्वेकडील केईएम वा टाटा रुग्णालय डोळ्यांसमोर दिसते. पण टॅक्सीने जायचे तर करी रोडच्या नाहीतर दादरच्या टिळक पुलाचा वळसा घ्यावा लागतो. तपासणीची वेळ सकाळी आठची असली, तर सहालाच निघावे असे त्या भागात उतरणारे लोक एकमेकांना सांगतात.